सरांचा ओला समुद्र

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता देवेश सरांना अचानक वाटलं, की आपल्या समुद्राची वाळू काही बरोबर नाही.

वाळू गेले चार महिने तशीच होती आणि तिने कोणाचं काही वाईट केलं नव्हतं. पण सर चहाचा कप घेऊन चित्रापासून सहा पावलं मागे गेले, बाथरूमच्या दारावर आपटले, तिथूनच डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "मूड येत नाहीये."

"सर, अकराला परीक्षण आहे," रेवा म्हणाली.

"माहितीय."

"आणि ऑइल पेंट वाळायला निदान आठवडा लागतो. तुम्हीच वर्गात सांगितलंय."

"माहितीय गं!" असं म्हणत सरांनी पिवळ्या रंगाची अख्खी ट्यूब पिळली, चाकू उचलला, आणि पावावर लोणी थापावं तशी किनाऱ्यावर वाळू थापायला सुरुवात केली.

सरांचं असं होणं साहजिक होतं. पनवेलच्या एका जुन्या वाचनालयात दर मे महिन्यात चित्रस्पर्धा भरायची आणि पहिलं आलेलं चित्र तिथल्या मोठ्या दालनात कायमचं लागायचं. सर तेरा वर्षं त्या भिंतीसाठी समुद्र पाठवत होते आणि तेरा वर्षं त्यांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळत होतं. इतकं उत्तेजन मिळूनमिळून माणूस थकून जातो. यंदा नियम बदलला होता. प्रत्येक चित्राबरोबर एका विद्यार्थ्याने पाच मिनिटं रसग्रहण करायचं, निम्मे गुण त्याचे. म्हणून सरांनी आपल्याच बिल्डिंगमधल्या, आपल्याच कामोठ्यातल्या शाळेत नुकत्याच दहावीत गेलेल्या रेवाला धरलं.

रेवाची निवड म्हणजे तसा जुगारच होता. नववीच्या दिवाळीपर्यंत ती हजेरीला इतक्या हळू 'प्रेझेंट' म्हणायची, की शाळेने दोनदा घरी चौकशी केली, मुलगी बरी आहे ना? मग स्नेहसंमेलनाच्या दिवशी निवेदिकेचा घसा बसला, कोणीतरी घाईत माईक रेवाच्या हातात कोंबला, आणि मनाने तो तिने अजून परत केलेला नव्हता. आता ती लिफ्टमध्ये चढली तरी "उपस्थित मान्यवर" अशा नजरेने सगळ्यांकडे बघायची.

"हे बघ," हाताला लागलेली वाळू पँटला पुसत सर म्हणाले, "मी स्कूटरने पुढे जाऊन फॉर्म भरतो. तू रिक्षाने चित्र आण."

चित्र साडेतीन फूट रुंद होतं. स्पर्धेच्या सातव्या वर्षी सरांनी असंच एक स्कूटरवर नेऊन पाहिलं होतं, पण वारा असा काही भरला की पनवेलला जायला निघालेले सर खारघरला पोचले.

"आडवं धर. आमरसाने काठोकाठ भरलेलं ताट समज. वाकडंतिकडं केलंस तर माझी वाळू समुद्रात जाईल. आणि भाषण पाठ आहे ना?"

"'हे चित्र पाहताना मन विषण्ण होतं,'" रेवाने लगेच सुरुवात केली.

"शाब्बास. विषण्णच ठेव. परीक्षकांना विषण्ण आवडतं."

खाली गेटवर रिक्षा उभी होती आणि रिक्षात आधीच शकू आत्या बसलेली होती. आत्या जासईची. पावसाळ्यात होड्या बंद म्हणून मे महिन्यातच घरात सुकी मासळी भरून ठेवायची, ह्यालाच आगोट म्हणतात, आणि भावाच्या घरची आगोट दुसऱ्या कोणी भरलेली आत्याला खपत नसे. रेवाच्या घरचा वाटा वर देऊन झाला होता. उरलेली पिशवी पनवेलच्या नणंदेकडे न्यायची होती.

"ये बस. वाटेतच हाय तुझं वाचनालय," आत्या म्हणाली आणि सरकली. रेवाने चित्र दोघींच्या मांडीवर आडवं ठेवलं. आता त्या दोघी समुद्राच्या दोन टोकांना बसल्यासारख्या दिसत होत्या.

रिक्षा निघाली. आत्याने मान वाकडी करून चित्र पाहिलं.

"काय गो, ह्यो समुद्र कुठचा?"

"कुठचाच नाही. कल्पनेतला आहे."

"बरं. कल्पनेत भरती हाय का ओहोटी?"

चार महिन्यांत हा प्रश्न ना सरांना पडला होता, ना रेवाला. "संध्याकाळ आहे," ती शेवटी म्हणाली.

"संध्याकाळ मना पन दिसते. पानी येतंय का जातंय?"

"आत्या, असं नसतं गं बघायचं. मूड बघायचा. ऐक. 'हे चित्र पाहताना मन विषण्ण होतं. किनाऱ्यावरची ती एकाकी नौका म्हणजे मानवी जीवनाची नश्वरता...'"

"थांब थांब. कोन गेलं?"

"कोणी नाही गेलं!"

"मग रडतेस कशाला? अगो, होडी बघ कशी कलंडलीय. म्हनजे पानी उतरलंय, खाली गाळ हाय. मानसं जेवायला घरी गेलीत. आता बायका टोपल्या घेऊन शिंपल्या येचायला उतरतील, एकमेकींच्या सासवांच्या नकला करतील. सगळ्यात मजेची येळ ती! आनि तू हितं बसून मयताचं भाषन करतेस."

"सरांनी लिहून दिलंय."

"सरांना सांग, एकदा चिखलात उतरा. ही बघ, ही वल्ली चमक मात्र झकास काढलीय मानसाने..." असं म्हणून ती चमक दाखवायला आत्याने हात पुढे केला. तो हात आतापर्यंत मांडीमागच्या पिशवीचं तोंड आवळून बसला होता, कारण वर वाटा काढताना सोडलेली सुतळी पुन्हा बांधायची राहून गेली होती. आणि नेमक्या त्याच क्षणी गतिरोधक आला.

रिक्षा उडाली. आत्या उडाली. चित्र रेवाने ताटासारखं, आमरसासारखं, जिवाच्या करारावर आडवं धरून ठेवलं. पिशवीतून मात्र जवळ्याचा एक गुलाबी ढग वर गेला, छतापर्यंत पोचला, तिथे जरा रेंगाळला आणि सावकाश किनाऱ्यावर उतरला.

जवळा म्हणजे नखापेक्षा बारीक सुकी कोलंबी. ती आभाळावर पडली, आभाळ वाळलेलं होतं, घसरली. पाण्यावर पडली, घसरली. वाळूवर पडली ती तिथेच बसली.

"अगो बाई! वाया गेला!" आत्या ओरडली.

"हो ना! आता सरांना काय सांगू?"

"सरांना कशाला सांगायचं? जवळा माझा हाय."

"आत्या, मी चित्राबद्दल बोलतेय!"

"चित्राला काय धाड भरलीय? चित्राचा तर फायदा झाला."

आत्याने झटकायला हात नेला, रेवा किंचाळली. मग दोघींनी दोन्ही बाजूंनी फुंकर मारून पाहिली. जवळा हलला नाही, उलट जरा आत जाऊन नीट बसला. रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, आता भूक लागली ना राव."

रेवा आणि आत्या चित्र घेऊन उतरल्या तेव्हा वाचनालयाच्या पायऱ्यांवर सर वाट बघत होते. त्यांनी चित्र पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"रेवा, माझ्या किनाऱ्यावर कोणीतरी आहे."

"जवळा आहे, सर."

"किती?"

"सर, मोजण्यापलीकडे."

सर पायरीवर बसले. रेवाने केसांतली पिन काढली आणि दोघांनी मिळून एकेक जवळा उचलायला घेतला. एक निघायचा तर त्याच्यामागे गरम पिठल्यासारखा रंग लांबत यायचा. दहा मिनिटांत अकरा निघाले, आणि ते जिथून निघाले तिथे वाळूला कोणी चावा घेतल्यासारखं दिसू लागलं. त्याहून वाईट म्हणजे, पिशवी आत्याच्या बाजूला असल्यामुळे जवळा फक्त उजव्या अर्ध्या किनाऱ्यावर पडला होता. एकाच गालाला दाढी आल्यासारखा तो किनारा दिसत होता.

सर पडलेल्या चेहऱ्याने बघत राहिले. मग हळूहळू त्यांच्यातला चित्रकला शिक्षक जागा झाला.

"तोल गेलाय," ते पुटपुटले. "उजवीकडे जड झालंय."

"मग?"

सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बँक लुटायचा बेत सांगावा तशा आवाजात विचारलं, "शकूताई... अजून आहे?"

"हाय की. पन हा खायचा माल हाय मास्तर."

"आत्या, प्लीज! सरांची तेरा वर्षं!"

तेरा वर्षं म्हटल्यावर आत्या विरघळली. सरांनी मूठ भरली आणि डाव्या बाजूला टाकली. ती ढिगाने पडली. आत्याला ते बघवेना.

"कोंबड्यांना दाने टाकताय काय? सरका. जवळा पसरायचा तर मनगट सैल पायजे. उन्हात घालताना एकावर एक पडला तर कुजतो, म्हायतीय?" आणि तिने पदर खोचला, मूठ भरली, मनगट असं काही फिरवलं की जवळा पंख्यासारखा उलगडत गेला. तीन फटक्यांत डावा किनारा उजव्यासारखा झाला. चावल्याच्या खुणासुद्धा झाकल्या गेल्या. सर तोंड उघडं टाकून बघत होते. ब्रश हातात धरल्यापासून असा सैल हात त्यांना एकदाही जमला नव्हता.

फॉर्मवर 'माध्यम' असा एक रकाना अजून रिकामा होता. सरांनी 'तैलरंग' लिहिलं आणि पेन तिथेच अडलं. रेवाने पेन काढून घेतलं आणि पुढे 'इत्यादी' लिहिलं.

अडचण दालनात गेल्यावर सुरू झाली. मे महिना, बंद खिडक्या, वर सहा पंखे. सहा पंख्यांनी सरांचा समुद्र अगदी निःपक्षपातीपणे सगळ्यांना वाटला. शेजारच्या चित्रापाशी दुसऱ्या शाळेच्या दिपिका मॅडम उभ्या होत्या. त्यांनी टोपलीभर हापूस आंबे काढले होते. त्यांनी एकदा नाक पुढे केलं, एकदा मागे घेतलं, आणि काळजीने स्वतःच्याच आंब्यांचा वास घेतला.

ग्रंथपाल विठूकाका माईकवर आले. "ज्यांनी जेवणाचे डबे आणले असतील, त्यांनी ते बाहेरच्या बाकावर ठेवावेत. कोणाचंही नाव घेत नाही."

सात डबे बाहेर गेले. त्यातला एक साबुदाण्याच्या खिचडीचा होता आणि त्याची मालकीण फार दुखावली. वास होता तिथेच राहिला. आता फक्त सगळ्यांना भूकही लागली.

मग मांजर आलं. ते दारातून थेट, एकाही चित्राकडे न बघता, सरांच्या समुद्रासमोर आलं आणि पुढचे पाय जुळवून बसलं. डोळ्याची पापणी हलत नव्हती. एवढा एकाग्र रसिक सरांना तेरा वर्षांत मिळाला नव्हता.

"हाकल त्याला," सर ओठ न हलवता म्हणाले.

"जात नाहीये, सर. त्याला चित्र आवडलंय."

इतक्यात परीक्षक आल्या. कुमुद मॅडम. त्यांच्या कडकपणाच्या गोष्टी पार अलिबागपर्यंत पोचलेल्या. गेल्या वर्षी एका सूर्यास्तासमोर उभं राहून त्यांनी "कशासाठी?" एवढंच विचारलं होतं, आणि तो सूर्यास्त काढणारे गृहस्थ आता विमा विकतात. मॅडम दारातच थांबल्या. त्यांनी एक खोल श्वास घेतला. मग दुसरा घेतला. एक भुवई वर गेली. सर सरळ खांबामागे गेले.

आंब्यांना दोन मिनिटं मिळाली. मग मॅडम समुद्रासमोर आल्या. "बोला."

रेवा पुढे झाली. मागून सर खांबाआडून प्रार्थना केल्यासारखे हात जोडून उभे.

"सन्माननीय परीक्षक, हे चित्र पाहताना मन विषण्ण होतं. ही एकाकी नौका, हा निर्जन किनारा..."

'निर्जन किनारा' ऐकून मांजराचा संयम सुटला. त्याने झेप घेतली, चौकटीच्या खालच्या काठावर पुढचे पाय टेकले आणि किनाऱ्याचा डावा कोपरा चाटायला जीभ काढली. सरांनी खांबामागून सूर मारला, मांजर कमरेत धरलं आणि त्याच वेगाने परत खांबामागे गेले. हे सगळं इतकं पटकन झालं की लोकांना फक्त एक सर आणि एक शेपटी गेल्याचं दिसलं. दिपिका मॅडम फुटल्या. त्यांच्यामागे अख्खं दालन फुटलं. आणि रेवा, जिने विषण्ण राहायचं होतं, ती पोट धरून हसत होती.

"हसताय?" कुमुद मॅडम म्हणाल्या. "चित्राचा मूड विषण्ण आहे ना?"

रेवाने डोळे पुसले. पाठ केलेली पाच मिनिटं डोक्यातून धुऊन गेली होती. एकच वाक्य उरलं होतं, 'मानवी जीवनाची नश्वरता', आणि ते आठवून तिला आणखीच हसू येत होतं. तिने चित्राकडे पाहिलं. पहिल्यांदाच, नीट.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "खरं सांगू? ह्यात कोणी उदास नाहीये. ओहोटी आहे. होडी एकाकी वगैरे काही नाही, पाणी उतरलं म्हणून ती गाळात टेकून बसलीय, आपण सोफ्यावर लोळतो तशी. माणसं घरी जेवायला गेलीत. आता बायका येतील शिंपल्या वेचायला. म्हणजे चित्रात कोणी नाहीये, पण आत्ताच गेलेत आणि आत्ता येतीलच. शाळेच्या मधल्या सुट्टीआधीच्या मिनिटाचा मूड आहे हा!"

"आणि तंत्र?" मॅडमचा चेहरा हलला नव्हता.

"आकाश बघा. सरांनी इतकं पातळ लावलंय की खालच्या कापडाची वीण दिसते. पाणी त्याहून थोडं जाड. आणि वाळू एकदम जाड, चाकूने. त्यामुळे नजर वर असते तेव्हा हलकी, आणि खाली येता येता जड होते. चिखलात पाय रुततो ना, तशी नजर रुतते. आणि ही मधली ओली चमक आहे ना, तिथे वर रंग लावलेला नाही, उलट खरवडून काढलाय. मला आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं की काढून टाकूनसुद्धा रंगवता येतं."

खांबामागून सरांचं डोकं हळूच बाहेर आलं. सरांनी स्वतःच्या चित्राबद्दल एवढं कधी ऐकलं नव्हतं.

मॅडम वाकल्या. नाक वाळूपासून वीतभर. "हा पोत कशाने साधलाय? भुसा? कोंडा?"

'भुसा' म्हणायचं आणि सुटायचं. तेरा वर्षं, ती भिंत, सगळं त्या एका शब्दावर होतं. खांबाआडून सर जोरजोरात मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण. पण ज्या तोंडाने आत्ता खरं सांगू म्हटलं, त्याच तोंडाने लगेच भुसा कसा म्हणायचा?

"जवळा आहे, मॅडम. रिक्षा उडाली आणि पडला. निघेना. एकाच बाजूला पडलेला वाईट दिसत होता म्हणून दुसऱ्या बाजूलाही आम्हीच टाकला."

धप्प असा आवाज आला. सर खाली बसले होते.

"कुठला?" मॅडमनी विचारलं.

रेवाला प्रश्नच कळला नाही. पण दारातून उत्तर आलं. "करंज्याच्या बंदरावरचा!" नणंदेचा वाटा देऊन आलेली शकू आत्या रिकामी पिशवी काखेत मारून उभी होती. "जाळ्यावर दोन दिस सुकवलेला. एक खडा सापडला तर नाव बदलीन!"

"खडा नाहीच," कुमुद मॅडम म्हणाल्या. "मी मोऱ्याची, शेजारच्याच बंदरातली. दारातच ओळखला." मग त्या रेवाकडे वळल्या. "पंधरा वर्षं गावोगावचे समुद्र तपासतेय. प्रत्येकात मन विषण्ण होतं. आमच्याकडे ओहोटीला विषण्ण व्हायला वेळ कोणाला असतो गं?"

निकाल लागला तेव्हा सर स्टेजवर गेले ते मांजर काखेत घेऊनच, कारण ते सोडायचं त्यांना सुचलं नाही. प्रमाणपत्रावर 'प्रथम' लिहिलेलं होतं. सरांनी ते न वाचताच माईकमध्ये म्हटलं, "उत्तेजनाबद्दल आभारी आहे."

सोमवारी समुद्र भिंतीवर चढला. खिडकीजवळच्या भिंतीवर, मॅडमनी मुद्दाम सुचवलेल्या. त्यानंतर तीन आठवडे सरांचा मुक्काम वाचनालयातच होता. मासिक उघडायचं, त्याच्या वरून भिंतीकडे बघायचं. चौथ्या आठवड्यात त्यांनी रेवाला फोन केला.

"लवकर ये. माझी वाळू कमी होतेय."

रेवा धावत पोचली. चौकटीपासून खिडकीपर्यंत मुंग्यांची एक शिस्तशीर रांग लागलेली होती आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक जवळा होता. उजवा किनारा जवळपास उचलला गेला होता.

"औषध मारा!" सर कळवळले.

"पुस्तकांजवळ औषध नाही," विठूकाका म्हणाले. "फुंकर मारा हवं तर."

फुंकर मारून काय होतं, हे रेवाला ठाऊक होतं. मग काय, दोघं खुर्च्या ओढून बसले आणि बघत राहिले. सलग पाच दिवस. सर रोज येताना वेगळा उपाय घेऊन यायचे, एकदा हळद, एकदा खडू, एकदा नुसतीच विनंती. मुंग्या काही ऐकेनात.

सहाव्या दिवशी किनारा पूर्ण रिकामा झाला. आतापर्यंत रंग वाळून कडक झालेला, त्यामुळे प्रत्येक जवळ्याच्या जागी एक नाजूक, वाकडी खळी तेवढी राहिली होती. हजारो खळ्या, सगळ्या एकाच अंतरावर. पाणी नुकतंच सरकून गेल्यावर वाळूवर जी जाळी उमटते ना, हुबेहूब ती.

सर सहा पावलं मागे गेले. कपाटावर आपटले. तिथून डोळे बारीक करून कितीतरी वेळ बघत राहिले.

पेपर वाचणारे एक आजोबा उठून चित्राजवळ गेले. वाळूवरून नजर फिरवली, चष्मा वर केला, पुन्हा फिरवली. "देवेशराव, अहो काय वाळू काढलीय! पायाला गार लागेल असं वाटतं. कशी जमवलीत?"

रेवाने ओठ घट्ट चावून धरले. खिडकीच्या चौकटीवरून शेवटची मुंगी शेवटचा जवळा घेऊन बाहेर पडत होती.

"धीर लागतो," सर गंभीरपणे म्हणाले. "घाई करून चालत नाही."